वरच्या खोलीपर्यंत वायर

मंगळवार, ७ जानेवारी

हिच्या वर्गातून आज आणखी दोघी गेल्या. कारण तेच. "बाई, तुमचा आवाज मधेच जातो. काही कळत नाही."

आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली हिने. निवृत्त झाल्यावर वरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली आणि परीक्षेला बसणारी मुलं, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बायका असा छान गोतावळा जमवला. संध्याकाळी हिचा आवाज जिन्यातून खाली यायचा आणि घर भरल्यासारखं वाटायचं. आता वर्ग संपला की ही खाली येते आणि काही न बोलता भांडी आवरायला घेते.

कंपनीचा इंटरनेटचा डबा खाली, पुढच्या दाराशी. ही सगळ्यात वर. मधे दोन स्लॅब आणि जिन्याची जाड भिंत. तिथवर पोचेपर्यंत त्या वायफायला धाप लागत असणार.

वही एवढ्यासाठी आणली की कुणाशी तरी बोलायला हवं. जेवताना मी काही सांगितलं तर ही मान हलवते. पूर्वी माझ्या एका वाक्यात तीन चुका काढायची. वर्ग मोडत चाललाय म्हणून खचली आहे, दुसरं काय. वर्ग गेला तर ही उभी राहणार नाही. मला ते दिसतंय, आणि भीती वाटते.

गुरुवार, ९ जानेवारी

कंपनीचा माणूस येऊन गेला. दाराशी मोजणी केली. "काका, तुमची लाइन खणखणीत आहे. घरात आत काय होतं, ते तुमचं तुम्ही बघा." वर गेल्यावर मात्र त्याचाच फोन रडायला लागला.

लेकीला सांगितलं. ठमी दूरच्या शहरात असते आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकते, पण डोकं चांगलं आहे तिचं. म्हणाली, "बाबा, मेश घ्या. तीन डबे येतात. एकमेकांशी बोलतात. घरात कुठेही बसा, जवळचा डबा सांभाळून घेतो." मग म्हणाली, "आईला द्या ना जरा."

हिने फोन घेतला, "हं... हं... बरी आहे... ते हे, नंतर बोलू," म्हणून मला परत दिला. आईशी बोलायला मिळत नाही म्हणून ठमी हिरमुसते. मी तिची समजूत काढली. आईचं सगळं लक्ष वर्गात अडकलंय म्हटलं.

शनिवार, ११ जानेवारी

डबे आले. साबणदाणीएवढे, पांढरे, निरुपद्रवी दिसणारे. एक दाराशी, एक मधल्या मजल्यावर आमच्या झोपायच्या खोलीबाहेर, एक हिच्या टेबलावर. फोनवर एक एक जोडत गेलो. वरच्या डब्याचा दिवा पिवळाच राहिला. निळा व्हायला हवा. डबा खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, शेवटी हातात धरून खोलीभर फिरलो. ही खुर्चीत बसून बघत होती.

"आरती ओवाळताय का?" म्हणाली.

किती दिवसांनी अख्खं वाक्य ऐकलं हिच्या तोंडून. मी उगाचच खूप हसलो.

बुधवार, १५ जानेवारी

फरक शून्य. उलट आगीतून फुफाट्यात. काल वर्गात ही चार वेळा थांबली म्हणे. मला कसं कळलं? हिच्या वर्गात एक बँकेत काम करणारी बाई आहे, सगळ्यांत जुनी. मी तिला बँकवाली म्हणतो. तिने माझ्या फोनवर फोन केला. बाईंना सांगू नका म्हणाली.

"काका, आवाज जातो ना, तेव्हा चित्र हलत असतं. बाईंच्या पापण्या लवतात. ओठ उघडतात. पण शब्द येत नाही."

"म्हणजे आवाज गळतो आणि चित्र येतं," मी म्हणालो. "होतं तसं. लाइन अशक्त असली की होतं."

ती म्हणाली, "तसंच असेल काका. तुम्ही बघा काय ते." चांगली बाई आहे. आणखी काही बोलायचं असावं तिला, पण संकोचली.

आता डब्यांनी हवेतून बोलण्यावर भरवसा नाही. वायर ओढायची. खालच्या डब्यापासून मधल्यापर्यंत आणि मधल्यापासून वरच्यापर्यंत. वायर थकत नाही, भिंतीला घाबरत नाही. जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. माणसं दोन मजल्यांच्या मधे अडकलेली असायची, आतून ओरडायची, आणि मी वरून सांगायचो, "घाबरू नका, फॉल्ट असतो तो सापडतोच." एकदाही खोटं ठरलं नाही ते.

सोमवार, २० जानेवारी

जिन्याच्या भिंतीत जुन्या टेलिफोनचा पाइप आहे. त्यातून वायर वर न्यायची असं ठरवलं होतं. पाइपात आधी लवचीक स्प्रिंग सारायची, तिच्या टोकाला वायर बांधायची आणि ओढायची. स्प्रिंग निम्म्यात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. घर बांधताना कोण्या शहाण्याने पाइपात सिमेंट पडू दिलं असणार. गुडघ्यांवर बसून बसून कमरेचा काटा ढिला झाला.

ही पायरीवर बसून होती. मी म्हटलं, "अगं, तो हातोडा दे." हिने पक्कड दिली. "हातोडा," मी म्हटलं. हिने पक्कड परत घेतली, पेटीत बघत राहिली आणि मग पेटीच उचलून माझ्यापुढे ठेवली. "घ्या काय हवं ते."

रागावली आहे माझ्यावर. भिंती फोडतोय म्हणून असेल.

बुधवार, २२ जानेवारी

पाइपाचा नाद सोडला. स्लॅबला भोकं पाडली. घरभर धूळ. गाद्यांवर, भांड्यांत, हिच्या पुस्तकांवर धूळ. दुसरी कोणी असती तर मला घराबाहेर काढलं असतं. ही फडकं घेऊन मागोमाग फिरते आणि पुसते. बोलत नाही. मला वाटतं, एकदा तरी भांड बाई. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त ड्रिलचा.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज वाईट वागलो.

वायर वरपर्यंत पोचली. टोकांना जॅक बसवायचे होते. त्या वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, रंगीत, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. एक इकडची तिकडे झाली की सगळं मुसळ केरात. माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. म्हणून मी तारा चिमटीत धरणार आणि ही शेजारी बसून रंग सांगणार, असं ठरलं. निळा आणि हिरवा मला दिव्याखाली सारखेच दिसतात.

"पहिली?"

"पांढरी... नारिंगी पट्टा."

"दुसरी?"

"नारिंगी."

"तिसरी?"

ही वायरीकडे बघत राहिली. मी परत विचारलं. "ते," म्हणाली. "ते पानांचं."

"पानांचं काय? रंग सांग ना!"

"पिवळा," म्हणाली. पिवळा त्यात नाहीच. मी मान वर केली तर ही माझ्याकडे अशी बघत होती की मी जणू परीक्षा घेतोय आणि पेपर हिच्या ओळखीचा नाही.

मी ओरडलो. चेष्टा सुचते का म्हटलं. अख्ख्या गावाला व्याकरण शिकवतेस आणि नवऱ्याला चार रंग सांगता येत नाहीत, असंही म्हटलं. भिंतीवरचा, पाइपावरचा, कंपनीवरचा सगळा राग, वड्याचं तेल वांग्यावर. ही उठली आणि गच्चीत गेली.

जॅक मी एकट्याने बसवले. तपासणीच्या यंत्रावर एका ओळीत आठ दिवे लागायला हवेत, लागले सहा. कापून परत बसवले. परत सहा. मग मीही भिंतीला टेकून बसलो. शेवटी हात टेकायचे ते कशासमोर, तर एका बोटभर जॅकसमोर. इतकं निरुपयोगी मला नोकरीच्या शेवटच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

जेवताना "चुकलो" म्हणालो. हिने माझ्या हातावर हात ठेवला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आठ दिवे लागले. वायर जोडली. वरचा डबा निळा झाला. वेग मोजला तर खाली दाराशी जेवढा, तेवढाच वर टेबलावर. एक कणही गळत नाही. लॅपटॉपसुद्धा हवेवर ठेवला नाही, त्यालाही डब्यातून वायर दिली. ठमीने फोनवर शाबासकी दिली, "बाबा, आमच्या ऑफिसातसुद्धा एवढं पद्धतशीर नाही!"

उद्या वर्ग आहे. सकाळपासून नव्या नवऱ्यासारखं धडधडतंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काही बदललं नाही.

एवढंच लिहून वही मिटली होती. परत उघडली. मंगळवारचा वर्ग गेला, आजचाही तसाच गेला. आज पाचच जणी होत्या. मी जिन्यात बसून ऐकलं. ही बोलते, बोलते, आणि थांबते. दिवा निळाच. मग पलीकडून बँकवाली काहीतरी पुरवते आणि ही "हो, तेच," म्हणून पुढे जाते.

मी काय करू? भिंती फोडल्या, कंबर मोडली, हिला बोललो. सगळं करून झालं. देवाशपथ सांगतो, एखादी लिफ्ट अशी वागली असती तर मी ती भंगारात काढायला सांगितली असती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

झोप नाही. पडल्या पडल्या जुनी पद्धत आठवली. फॉल्ट सापडत नसेल तर अर्धं सर्किट वेगळं काढायचं. फॉल्ट कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं. मग त्या अर्ध्याचं अर्धं. असं करत गेलं की शेवटी एकच तुकडा हातात उरतो.

कंपनीची लाइन बघितली, नीट आहे. खालचा डबा नीट. वायर नीट, आठही दिवे. वरचा डबा नीट. उरला लॅपटॉप. त्याचा माइक बिघडला असणार. हे आधी कसं सुचलं नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

माइकची परीक्षा साधी आहे. इंटरनेट काढून टाकायचं आणि लॅपटॉपमध्येच आवाज भरायचा. वर माझा फोनही ठेवायचा, दुसरा साक्षीदार म्हणून. हिला म्हटलं, समोर वर्ग आहे असं समज आणि म्हणींचा धडा घे. हिने नको म्हटलं. मी हट्ट धरला. माझ्या हातातली वायर बघून हिने बराच वेळ काही विचार केला, मग पदर सारखा केला आणि बसली.

खाली येऊन मी दोन्ही ऐकले, आधी लॅपटॉप आणि मग फोन.

"म्हणी म्हणजे भाषेचा... भाषेचा... साठा. आता ही बघा. नाचता येईना," आणि पुढे काही नाही. रस्त्यावरच्या गाडीचा आवाज आहे. खुर्ची करकरली, तो आवाज आहे. हिचा श्वास आहे, स्वच्छ. मग, "नाचता येईना... ते, घरापुढचं... ते वाकडं."

फोनवरही तसंच. तिथेही गाडी, खुर्ची, श्वास.

वायर काढून माझ्याच हातात होती.

पुढचं मला लिहिता येत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल वर गेलो. ही तशीच टेबलाशी बसली होती.

"ऐकलंत?" म्हणाली.

मी मान हलवली.

"मला ठाऊक होतं. बरेच महिने." एकेक शब्द वेचून ठेवावा तशी बोलत होती. "आधी नावं जायची. मग... वस्तू. मग वाटेत काहीही."

"मग बोलली का नाहीस? मी इकडे भिंती फोडतोय, स्लॅब फोडतोय, तुला वाट्टेल ते बोलतोय..."

"तुम्ही इतक्या... इतक्या जोरात ओढत होता ती," हिने हवेत दोन्ही हातांनी ओढून दाखवलं. "मला वाटलं, कदाचित तुमचंच खरं असेल. कदाचित दोष तिच्यातच असेल. मीही वाट बघत होते. दिवा निळा व्हायची."

आम्ही दोघंही तिथेच बसून राहिलो. मी रडलो, ही नाही रडली. हिने माझ्या केसांतली सिमेंटची पूड झटकली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली. कंगवा. ही म्हणाली, "केसांचं." कुलूप. "दाराचं... बंद." शिडी. ही खूप वेळ बघत राहिली, बोटांनी चढून दाखवलं आणि मग माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला बघवलं नाही. मी खिडकीबाहेर बघितलं.

डोक्याचे फोटोही काढले. भाषेचा भाग झिजत चालला आहे म्हणाल्या. हळूहळू. ओळख राहील, माया राहील, बराच काळ कळतही राहील. शब्द जातील. औषधाने परत येत नाहीत.

"मग आम्ही काय करायचं?" मी विचारलं.

"बोलत राहायचं. त्या अडल्या की तुम्ही शब्द पुरवू नका. घाई करू नका. थांबा."

आयुष्यभर मी अडकलेल्यांना बाहेर काढलं. थांबायचं काम मला कुणी शिकवलं नाही.

परत येताना ही गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मला राहून राहून वाटत होतं की असा एखादा तुकडा असणारच, जो मी तपासला नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वर्ग बंद करायचा. मी सगळ्यांना पाठवायला मजकूर टाइप केला: तांत्रिक अडचणींमुळे वर्ग थांबवत आहोत. हिला दाखवला. हिने वाचला आणि पहिले दोन शब्द पुसले. मग एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहिलं. मी मधे पडलो नाही. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं तरी लिहीतच होती.

"मला शब्द सापडत नाहीत म्हणून वर्ग थांबवत आहोत." पूर्णविराम दिला, मला म्हणाली, "शुद्ध आहे?"

"शुद्ध आहे," म्हणालो.

बँकवालीचं उत्तर लगेच आलं. बाई, मी मंगळवारी येत जाईन, घरी. शिकायला नाही, नुसती बसायला.

हिने ते मला दोनदा वाचायला लावलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

घर भयाण झालंय. वरची खोली लखलखीत, भिंतीतून पांढरी वायर सरळ रेषेत आलेली, दिवा निळा, आणि टेबलाशी कोणी नाही. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. आज ते सगळं उपटून फेकावं असं वाटलं. जिन्यापर्यंत गेलोही पक्कड घेऊन. मग नुसताच खाली बसलो.

ठमीला अजून सांगितलेलं नाही. रोज उद्यावर ढकलतो. ती विचारते, आई कशी आहे, आणि मी म्हणतो, दमली आहे. काल ती म्हणाली, "बाबा, रविवारी व्हिडिओवर बोलू. आता लाइन एवढी झकास आहे, आईला नीट बघू तरी द्या."

ही ऐकत होती. हिने मान डोलावली, हो म्हणा.

रविवार, २ मार्च

वरच्या खोलीत बसलो, दोन खुर्च्या लावून. हिने चांगली साडी नेसली होती. ठमी आली समोर. इतकी स्वच्छ की तिच्या कपाळावरची नवी आठीही दिसली.

इकडचं तिकडचं झालं. मी सांगायला तोंड उघडलं तर हिने माझा हात दाबला. स्वतः सांगणार होती.

"ठमे," म्हणाली. "मला ना... मला एक... माझं..."

आणि थांबली.

ठमी हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिली. मग हसू कमी झालं. मग ती स्क्रीनकडे वाकली, तिकडे काहीतरी दाबून बघितलं. हिचे ओठ उघडे होते. मला शब्द ठाऊक होता. सगळं वाक्य ठाऊक होतं. जिभेवर आलं होतं.

दुसरंही मनात आलं, तेही लिहितो. जॅक माझ्या हाताशी होता. एक झटका दिला असता तर पडदा काळा झाला असता आणि ठमीच्या दृष्टीने आई अजून महिनाभर धडधाकट राहिली असती. माझा हात तिथवर गेलाही. हिने बघितलं. मानेनेच नाही म्हणाली.

"बाबा?" ठमी म्हणाली. "आईचा आवाज येत नाहीये. लाइन गेली का?"

"नाही गं," मी म्हणालो. "लाइन चालू आहे. तू थांब जरा. ती बोलतेय."

ठमी मागे टेकली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं, मला एकेक रेघ दिसत होती. पण ती थांबली. मीही थांबलो. खाली रस्त्यावरून कोणी हाका मारत गेलं, ते दूर जाऊन विरलं, आणि ही अजून शोधत होती.